पुलापलीकडे आपला मुलगा

"आपला मुलगा गेला का?" काचेमागच्या मुलीनं मान वर न करता विचारलं.

धाकट्यानं पावती काउंटरवर ठेवली होती. तिच्यावरचं बोट उचलायचं राहून गेलं. "हो," तो म्हणाला. "फार वर्षं झाली."

मुलीनं आता मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि ओढणीचं टोक तोंडाशी नेलं. ती आपल्या लॅबमधल्या मुलाचं विचारत होती. आईचा रक्ताचा रिपोर्ट आणायला त्याला वरच्या मजल्यावर पाठवलं होतं, तो वर गेला का, समोरच्या काकांना जिन्यात दिसला का, एवढंच तिला हवं होतं. बाकावर कोपरात कापूस धरून बसलेला एक गृहस्थ मोकळेपणानं हसला. धाकटाही हसला. स्वतःवर हसायची त्याला सवय होती. त्याला मुलगा नव्हता, लग्नच नव्हतं, तर मुलगा कुठून असणार. आपला मुलगा म्हटलं की त्याच्या घरात तो एकच, युद्धात गेलेला थोरला. साठी उलटून गेली होती, डोक्यावर मोजके केस होते, तरी घरात पडलेलं धाकटा हे नाव तसंच होतं. थोरला गेला की धाकटा थोरला होतो असं काही नसतं, तो धाकटाच राहतो. तो बाकाच्या टोकाला जाऊन बसला आणि समोरच्या भिंतीवरचं मूत्रपिंडाचं रंगीत चित्र बघू लागला.

बसल्यावर मात्र तो शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. मुलीनं आपला म्हटलं ते आमचा या अर्थानं, आणि त्यानं ऐकलं ते तुमचा या अर्थानं. असं रोज कितीतरी काउंटरवर होत असेल, माणसं हसून सोडून देत असतील. त्यानं काही तो शब्द पहिल्यांदा ऐकला नव्हता. उभी हयात एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून गेली होती, अनुस्वार आणि वेलांट्या यांच्याशिवाय त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. आणि दरवर्षी युद्धाच्या स्मृतिदिनाच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत जे वाक्य छापलं जायचं, त्याचं मुद्रितही तोच तपासायचा. बाबांचंच वाक्य, म्हणून बाकीचे सहकारी ते आदरानं त्याच्याकडे सरकवायचे. पुलापलीकडे आपला मुलगा आहे, याची मला जाणीव आहे. त्याच्यासाठी थांबू नये. दोन ओळी. त्यात चूक सापडायचा प्रश्न नव्हता. जे पाठ असतं ते डोळे वाचत नाहीत, हे मुद्रितशोधकाला कुणी शिकवायला लागत नाही. आता बाकावर बसून त्यानं ते वाक्य कुणीतरी दुसऱ्यानं लिहिलेलं असावं तसं मनात उतरवून काढलं, आणि त्याला वाटलं की स्वतःच्या मुलाला कुणी असं म्हणत नाही. बायकोशी बोलताना माणूस आपला मुलगा म्हणेल. तिऱ्हाईताला लिहिताना तो माझा मुलगा म्हणेल. तिऱ्हाईताला आपला मुलगा असं लिहिलं तर त्याचा अर्थ तुमचा मुलगा.

कुणीतरी रिपोर्टचं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उघडून पाहिलं नाही. डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं, आकडे काहीही येवोत, मूत्रपिंडं थकली आहेत, आता फार दिवस नाहीत, आईंना त्रास होईल असं काही करू नका. तो रस्त्यावर आला. दुपार कलली होती, दुकानांच्या पाट्यांवर ऊन होतं, फुटपाथवर एक बाई छत्र्या दुरुस्त करत बसली होती. घर जवळ होतं. तरी तो सरळ गेला नाही, चौकाकडे वळला. तिथे वाक्य दगडात कोरलेलं होतं, आणि आपले डोळे आता तरी ते वाचतात का, हे त्याला बघायचं होतं.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ती. युद्धाच्या वर्षांत बाबा देशाचे पंतप्रधान होते आणि नदीवरची आघाडी सांभाळणारे सेनापती त्यांचे शाळेपासूनचे मित्र. धाकटा त्यांना सेनापतीकाका म्हणायचा. शत्रू पुलाच्या रोखानं येत होता, पूल उडवायचा की नाही यावर सेनापतीकाका अडून बसले होते, कारण आपल्या सैन्याची एक तुकडी अजून पलीकडच्या काठावर होती. त्या तुकडीत काकांचा एकुलता एक मुलगा होता. संध्याकाळी बाबांची चिठ्ठी घेऊन स्वार पोचला, काकांनी ती वाचली आणि पूल उडवला. शहर वाचलं. पलीकडची तुकडी संपली. आणि त्या तुकडीत दादाही होता. पंतप्रधानांनी देशासाठी पोटचा मुलगा दिला, आणि तो देताना एक शब्द जास्त खर्च केला नाही, हे पुढे शाळेत पोरांना शिकवलं गेलं. धाकट्यालाही शिकवलं गेलं. गुरुजी त्या धड्याच्या वेळी त्याला उभा करायचे. सगळा वर्ग वळून बघायचा आणि तो खाली बघत आपल्या बुटाची नाडी न्याहाळत राहायचा.

चौकात कठड्यावर दोन म्हातारे गप्पा मारत बसले होते. दगड काळा होता, अक्षरं हाताला लागतील एवढ्या उंचीवर, आणि येणारीजाणारी पोरं बोटानं गिरवून जायची म्हणून पहिली ओळ गुळगुळीत झाली होती. तिच्या खाली पलीकडच्या काठावरच्यांची नावं. पहिलं दादाचं. काकांच्या मुलाचं शोधावं लागलं, ते चौथ्या रांगेत होतं. धाकट्याला त्याचा चेहरा नीट आठवेना. हनुवटीवर तीळ होता एवढं आठवलं, आणि एकदा सुट्टीत आला असताना त्यानं धाकट्याला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवलं होतं ते आठवलं. इतक्या वर्षांत त्या मुलाची आठवण त्याला कधी आली नव्हती. कुणालाच आली नसावी, काका-काकू सोडून. आणि बाकावर जे सुचलं ते खरं असेल तर हे वाक्य त्या मुलाचं होतं. इतकी वर्षं ते दादाच्या नावावर चढलेलं होतं. धाकट्यानं बोट पुढे केलं आणि आ या अक्षराच्या कान्यावर ठेवलं. दगड उन्हानं तापला होता. एका म्हाताऱ्यानं ओळखीचं हसून मान हलवली. साहेबांचे चिरंजीव वडिलांच्या शब्दांना हात लावताहेत, असं त्याला वाटलं असणार.

याच दगडाच्या उद्घाटनाला आईला ते वाक्य पहिल्यांदा कळलं. युद्ध संपून काही महिने झाले होते. दादा पलीकडे सापडला आणि गेला, एवढंच तिला तोवर माहीत होतं. व्यासपीठावर सेनापतीकाका बोलायला उठले आणि त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढून वाचून दाखवली. या माणसानं आपला मुलगा दिला म्हणून मला माझा देता आला, असं म्हणून ते सगळ्यांसमोर रडले. बाबा खुर्चीत ताठ बसून होते. चेहरा इतका पांढरा की पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्याला पदर लावू लागल्या. धाकटा आईच्या मांडीला टेकून उभा होता. आईनं त्याचा हात धरला होता तो हळूच सोडला आणि स्वतःच्या मांडीवर दोन्ही हात ठेवून ती बसून राहिली. घरी आल्यावर तिनं आपल्या उश्या आणि कपडे मागच्या खोलीत नेले. भांडण झालं नाही. ती बाबांना फक्त एकदाच म्हणाली, तुम्हाला माहीत होतं. बाबांनी उत्तर दिलं नाही, आणि त्या दिवसानंतर आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

एक शब्द म्हणजे खरोखर एक शब्द. पण एका छपराखाली राहायचं तर दिवे मालवावे लागतात, डॉक्टर बोलवावा लागतो, पाहुणे येतात. ते सगळं धाकट्याकडून व्हायचं. त्यांना सांग, जेवण वाढलंय. बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, त्यांना लख्ख ऐकू गेलेलं असायचं, तरी धाकटा त्यांच्याकडे वळून आई म्हणतेय जेवण वाढलंय असं म्हणेपर्यंत ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवत नसत. मग ते कधी बरं म्हणायचे, पुष्कळदा काहीच म्हणायचे नाहीत. काहीच न म्हणाले की धाकटा स्वतःच्या पदरचं बरं जोडून परत आणायचा. बरं म्हणाले. हे त्यानं कधी सुरू केलं ते त्याला आठवत नव्हतं. पोरवयात ते खोटं वाटलंही नसेल, रिकाम्या हातानं परत यायला नको एवढंच वाटलं असेल. पुढे त्यात त्याचा हात बसला. एकदा बाबा तापानं भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि आईनं उंबऱ्याबाहेरून विचारायला सांगितलं होतं की त्यांना काही हवंय का. बाबांनी वळूनही पाहिलं नाही. धाकट्यानं येऊन सांगितलं, काही नको म्हणाले, तू आधी जेवून घे म्हणाले. त्या दिवशी आई जेवली. बाबांनाही ते ऐकू गेलं असणार, भिंत पातळ होती. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. सहकारी लग्नाचा विषय काढायचे तेव्हा तो म्हणायचा, आमच्या घरी टपालखातं मी चालवतो, रजा मिळत नाही. ते हसायचे. तो खरंच सांगत होता. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याला कधीकधी वाटायचं की आपण अजून दोन खोल्यांच्या मधेच उभे आहोत.

आणखी एक गोष्ट बदलली होती, ती बाहेरच्या कुणाच्या लक्षात आली नसती. आई घराला तुमचं घर म्हणू लागली. तुमचा बगीचा, तुमचा देश, तुमची माणसं. धाकट्याशी बोलतानाही ती आपलं म्हणेना. तो शब्दच तिनं जिभेवरून पुसून टाकला होता. दरवर्षी स्मृतिदिनाला काकू यायच्या, आईच्या शेजारी बसायच्या, तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, दोघींचे एकदमच गेले, तुमच्या ह्यांनी आपला दिला म्हणून आमच्या ह्यांना पुढे जगता तरी आलं. आई हात काढून घेत नसे. काका गेले, मग बाबा गेले, मग काकूही गेल्या. आई उरली. तिच्या दृष्टीनं बाबांचा गुन्हा जिथे होता तिथेच होता.

तो घरी आला तेव्हा आई खिडकीशी खुर्चीत होती. तिला आता दिसत जवळजवळ नव्हतं, कान मात्र तिखट होते. रिपोर्टमध्ये काय आहे ते तिनं विचारलं नाही. पाय का ओढतोयस एवढंच म्हणाली. चालून दमलो, असं सांगून तो बाबांच्या खोलीत गेला. खोली पेट्यांनी भरलेली होती. उद्या सकाळी संग्रहालयाची गाडी येणार होती. युद्धकाळातल्या नेत्याचा खासगी पत्रव्यवहार म्हणून ते लोक मोठा ग्रंथ काढणार होते, आणि ते काम बघणाऱ्या बाई गेले दोन महिने फोन करत होत्या. फार मृदू बोलायच्या. आपण निवांत चाळा, म्हणायच्या, आपले असतील ते कागद बाजूला ठेवा, बाकीचे आम्ही नेतो. आपले म्हणजे तुमचे घरगुती, हे त्याला तेव्हा बिनचूक कळलं होतं. सगळ्या वेळी सगळं कळतंच.

पुडकं त्याला शोधावं लागलं नाही. त्यातले कागद त्यानं गेल्याच महिन्यात वाचले होते, तारखेप्रमाणे लावले होते आणि वर फीत बांधली होती. वाचून त्याला काहीही झालं नव्हतं, आता त्याच गोष्टीचं त्याला भय वाटलं. सगळ्यात वर दादाचं कार्ड होतं, पिछाडीच्या इस्पितळातून आलेलं. गुडघा सुजला आहे, महिनाभर तरी इथून हलू देणार नाहीत, तुकडी माझ्याशिवाय पुलापलीकडे गेली, फार चुटपुट लागली आहे. बाबांची एक पद्धत होती. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात ते लाल पेन्सिलीनं उ काढायचे, म्हणजे उत्तर दिलं, आणि खाली तारीख. या कार्डावर उ होता आणि तारीख पूल उडाला त्याच दिवसाची. ते उत्तरही पुडक्यात होतं, कारण ते परत आलं होतं. बरे झाले. पाय पूर्ण बरा होईपर्यंत तिथेच राहा, तुझ्या आईला मी तसे सांगतो. पाकिटावर कुणीतरी निळ्या शाईनं लिहिलं होतं, इसम इस्पितळातून विनापरवाना निघून गेला आहे. गेल्या महिन्यात हे वाचताना धाकट्यानं समजूत करून घेतली होती की सकाळी बाबांनी हे लिहिलं असेल, दुपारी त्यांना खरी बातमी कळली असेल, आणि संध्याकाळी त्यांनी काळजावर दगड ठेवून ती चिठ्ठी लिहिली असेल. बाबांच्या चरित्रकारानंही बातमी दुपारी कळली असंच लिहिलं होतं.

त्याच्या खाली सेनापतीकाकांचं पत्र, पूल उडाल्यानंतर चौथ्या दिवसाचं. त्याला कोपऱ्यात उ नव्हता. बाबांच्या हजारो कागदांत उ नसलेलं त्यानं हे एकच पाहिलं होतं, आणि तेव्हा वाटलं होतं, दुःखात राहून गेलं असेल. तो बाबांच्या खाटेच्या लोखंडी कडेवर बसला आणि खिडकीच्या उजेडात पत्र धरलं. काकांचं अक्षर मोठं, शाळकरी वळणाचं. अरे, माझा हात चालत नव्हता. पोर माझ्या डोळ्यांसमोर पलीकडे होतं. तुझी चिठ्ठी आली. आपला मुलगा असे वाचले आणि समजलो की तुझाही तिथेच आहे. तू आपला देतोस तर मी माझ्यासाठी कोणत्या तोंडाने थांबायचे? माझ्या यादीत तुझ्या पोराचे नाव नव्हते. तो लंगडत मागून येऊन तुकडीला मिळाला, हे मला नंतर कळले. तुला आधी कसे कळले ते ठाऊक नाही. बापाला कळत असावे.

बापाला कळलं नव्हतं. बापाला हे पत्र वाचून कळलं. धाकट्यानं पत्र मांडीवर ठेवलं. बाहेर कुणीतरी गॅलरीत गालिचा झटकत होतं, धप धप असा आवाज येत होता. शाळेपासूनचे हे दोन मित्र जन्मभर एकमेकांना अरे-तुरे करत आले, पुडक्यातलं एकूणएक पत्र तू आणि तुझा असंच होतं. फक्त त्या एका चिठ्ठीत बाबांना तुझा मुलगा असं लिहिता आलं नाही. तुझ्या मुलासाठी थांबू नकोस, हे मित्राला लिहायला हात धजला नसेल, म्हणून ते सरकारी मानाच्या शब्दाआड जाऊन उभे राहिले. आपला मुलगा, थांबू नये. आणि ज्यांना आयुष्यात बाबांनी कधी आपण म्हटलं नव्हतं त्या काकांनी तो शब्द त्यांच्या दोघांमधल्या भाषेतच वाचला. आपला म्हणजे तुझामाझा. पुडक्याच्या तळाशी बाबांचे तीन-चार कोरे वाटणारे कागद होते. पहिल्यावर, तुझे पत्र मिळाले. दुसऱ्यावर, तुझे पत्र मिळाले, आणि खाडाखोड. तिसऱ्यावर, माझ्या चिठ्ठीतील आपला या शब्दाचा अर्थ तू. तिथे वाक्य थांबलं होतं. गेल्या महिन्यात हे बघून धाकटा चक्क हसला होता. बाबा शब्दांच्या बाबतीत भारी चिकट, एका शब्दापायी टंकलेखकाला चार-चार वेळा कागद बदलायला लावायचे. मुलगा गेला तरी यांची व्याकरणाची हौस गेली नाही, असं त्याच्या मनात आलं होतं. आता त्याला त्या हसण्याची लाज वाटली.

ते पुरं का केलं नाही? मित्राला निदान एवढा आधार असू दे म्हणून? की पुढे सगळा देश त्यांना त्यागमूर्ती म्हणू लागला, आणि मी माझा दिला नाही, तुझा दिला, हे म्हणण्याची हिंमत उरली नव्हती म्हणून? व्यासपीठावरचा तो पांढरा चेहरा कशाचा होता? धाकटा कागद उलटेपालटे करत राहिला. त्यांच्या मागे काही नव्हतं. बाबांनी आईलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आपल्या उश्या घेऊन परत आली असती का? निदान पोटच्या मुलाला जाणूनबुजून मारणारा म्हणून तरी तिनं त्यांच्याकडे पाहिलं नसतं. तेवढ्या एका वाक्यावर त्यांची सुटका होती आणि ते तोंड मिटून राहिले, आणि धाकटा दोघांच्या मधे बरं घेऊन येरझारा घालत राहिला. त्याला राग आला. बाबांचा आला, काकांच्या रडण्याचा आला, आईच्या न बोलण्याचाही आला. इतका राग त्याच्यात असेल असं त्याला स्वतःलाच वाटलं नव्हतं. पुडकं मागे ठेवून घेणं सोपं होतं. आपले कागद म्हणून. मग दगड दगडाच्या जागी राहील, आई बाबांना दोष देत शांतपणे जाईल. डॉक्टर म्हणाले होते, त्रास होईल असं काही करू नका. पण एक निरोप पोचायचा राहिला होता आणि तो पोचवणारं दुसरं कुणी नव्हतं.

तो पुडकं घेऊन आईच्या खोलीत गेला आणि तिच्या खुर्चीशी स्टुलावर बसला. सुरुवात कशी करावी ते सुचेना. तोंडातून जे आलं ते जुन्या सवयीनं आलं.

"ते म्हणतात, त्यांना माहीत नव्हतं."

आईनं मान वळवली नाही. कोण, काय, असंही विचारलं नाही. मग धाकट्यानं सगळं सांगितलं, दादाचं कार्ड, परत आलेलं पाकीट, काकांचं पत्र, अर्धं राहिलेलं वाक्य. काकांचं पत्र त्यानं वाचून दाखवलं. आई ते ऐकताना खुर्चीच्या हातावरचा सोललेला रंग नखानं काढत होती. लंगडत मागून आला, हे वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग गुडघा कुठला, उजवा की डावा, असं विचारलं. कार्डात ते लिहिलेलं नव्हतं. उजवाच असणार, ती म्हणाली, लहानपणी त्याच गुडघ्यावर पडला होता.

बाहेरचा गालिचा झटकण्याचा आवाज थांबला होता. धाकट्याला वाटलं, आता तिला रडू येईल किंवा हलकं तरी वाटेल, कपाळावरची ती जन्माची आठी सैल होईल. तसं काही झालं नाही.

"माझा मुलगा दिला म्हणून मी त्यांच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "आता तू सांगतोस, तिचा दिला. ती दर वर्षी येऊन माझा हात धरून बसायची. मग तिनं कुणाशी बोलायचं नाही?"

धाकट्यानं काकांच्या पत्राची घडी घातली.

"त्यांना विचार," आई म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलं."

तो उठला. नंतर त्यानं आठवून पाहिलं तेव्हा त्याला कळेना की आपण का उठलो, पण त्यांना विचार म्हटल्यावर त्याचे पाय कायम उठत आले होते. तो बाबांच्या खोलीच्या दारात गेला आणि नेहमीच्या जागी उभा राहिला, चौकटीला डावा खांदा लावून, जिथून आवाज दोन्हीकडे पोचायचा. आत पेट्या होत्या, उघडं कपाट, गादी काढलेली खाट. खाटेखाली बाबांची एक चप्पल राहून गेली होती, ती त्याला आजवर दिसली नव्हती. आई विचारतेय, तो मनात म्हणाला, तेव्हाच का नाही सांगितलं. उत्तरं त्याच्याजवळ तयार होती. मित्र कोसळला असता म्हणून, असं म्हणाले, हे शोभलं असतं. तुला तोंड दाखवायची लाज वाटली, असं म्हणाले, हे तर फारच शोभलं असतं, आईला तेच ऐकायचं असेल. यातलं कुठलंही तो सहज घेऊन जाऊ शकत होता, त्याचा त्यात हात बसलेला होता. तो तिथे उभा राहिला. खाटेकडून काही आलं नाही. पूर्वीही यायचं नाही. मग तो परत फिरला.

"काही बोलले नाहीत," त्यानं सांगितलं.

आईनं आता त्याच्याकडे तोंड केलं. दिसत नव्हतं तरी तिचे डोळे नेमके त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"आज खरा निरोप आणलास," ती म्हणाली. "ते बरं, बरं म्हणाले, तुझंच असायचं. मला काय कळत नव्हतं? त्यांना बरं म्हणायला एवढासा वेळ पुरायचा नाही."

"मग कधी म्हणाली का नाहीस?"

"म्हणून काय करायचं होतं? कुणीतरी म्हणत होतं ना. तेवढ्यावर दिवस काढले."

धाकटा स्टुलावर बसला. आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. त्यानं कागद गोळा केले, कार्ड वर, पाकीट त्याखाली, मग काकांचं पत्र, मग ते तीन-चार जवळजवळ कोरे कागद, आणि फीत बांधायला घेतली. फीत जुनी होती, गाठ बसेना.

"सकाळी गाडी येणार आहे," तो म्हणाला. "हे त्यांना द्यायचं, की आपल्याकडे ठेवायचं?"

आईनं खुर्चीच्या हातावरून रंगाचे कण झटकले.

"देऊन टाक," ती म्हणाली. "आपलं काय आहे त्यात?"

तो बाबांच्या खोलीत गेला. उंबऱ्यात त्याच्या लक्षात आलं, आई आपलं म्हणाली होती. त्यानं वरच्या पेटीचं झाकण उघडलं, आणि पुडकं आत ठेवलं.